आठाची पाऊणपट

करंजाडे

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवते. मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तत्त्वज्ञानाला यंदा चारच मुलं, म्हणून कॉलेज तो विषय बंद करतंय. ते ऐकून तुम्ही फोनवर म्हणालात, "तुला बँकेच्या परीक्षेला बसवायला हवं होतं."

काल त्या चौघांना खाडीवर नेलं. सुख म्हणजे काय, यावर मी बोलत राहिले आणि पाणी घोट्यापर्यंत चढलं. बांधावरून मासेवाल्या जमुनाबाई हसल्या. "बाय, आज अष्टमी. आठाची पाऊनपट सहा, म्हनजे सहाला भरती. एवढं शिकलाव नि ह्ये ठाव नाय?"

"मग शिकवा की," मी म्हटलं.

ओल्या चपला हातात धरून आम्ही त्यांच्यापुढे बसलो. त्या तिथी सांगायच्या, आम्ही भरतीची वेळ काढायचो. दशमीला मी चुकले, तेव्हा सगळेच हसले. नवं काही कळण्याचा तो आनंद मला ओळखीचा होता. लहानपणी तो तुमच्याकडूनच मिळाला.

नोकरीचं मी बघेन. मला हवं ते शिकू दिलंत, याचा पश्चात्ताप करू नका. मला एक दिवसही झालेला नाही.

तुमची
भाग्यश्री