मागच्या महिन्याची पगाराची स्लिप

अहो,

"पतपेढीचा माणूस उधारीच्या कार्डाच्या चौकशीला आला तर पगार साडेचार हजार सांग," असं सकाळी डबा घेताना तुम्ही बजावलंत. गांगुर्डे दहालाच आले. सोमवारचं माझं बारापर्यंत मौन असतं, ते तुम्ही विसरलात. फॉर्मवरचा आकडा वाचून त्यांनी विचारलं, "बरोबर ना, वहिनी?" मी मान हलवली. वर म्हणाले, "आमच्या हिलाही शिकवा हे व्रत." तोंडाने खोटं बोलले नाही, पण मान माझीच हलली. तेव्हापासून जपात दोनदा माळ चुकली.

पाचच्या आत पतपेढीत पगाराची स्लिप मागितलीय, मी पाटीवर "आणते" असं लिहून दिलं. ट्रंकेत तुम्ही दिवाळीआधीची साडेचार हजारांची स्लिप वर काढून ठेवली होती. तिच्याखालची मागच्या महिन्याची पाहिली. अठ्ठावीसशे, ओव्हरटाइमचा रकाना कोरा. मग रोज रात्री नऊला घरी येता, ते कुठून, हे मी आज विचारत नाही. पण हमीदार म्हणून भगवंतभाऊजींची सही आहे. उद्या आपल्याला पैसे भरता आले नाहीत तर त्यांच्या पगारातून कापतील, आणि त्यांच्या घरी आजारपण आहे.

म्हणून खालची स्लिप नेतेय. कार्ड नाही मिळालं तर नाही. वरण-भात झाकलाय, तूप शिंक्यात आहे. किल्ली शेजारच्या चंदाताईंकडे ठेवते.

चार वाजले. चालत जायचं तर आताच निघायला हवं. येते मी.

विद्या