तुझ्या नातीची गोधडी

याडी, तुला आठवतं का, आपण दोघी परसातल्या उन्हात बसलो होतो आणि तू माझ्याकडून आठ सुयांमध्ये दोरा ओवून घेत होतीस. शनिवार होता, शाळा अर्ध्या दिवसाची, मी गणवेशही बदलला नव्हता. तू आईच्या तीन जुन्या साड्या एकावर एक अंथरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होतेस आणि एका कोपऱ्यापासून फेर धरून टाके घालत आत आत येत होतीस. मी माझा कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेला भरतकामाचा रुमाल तुला दाखवला. तू तो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलास आणि म्हणालीस, "तुयी सिस्टर मुंगीसाठी पांघरूण शिवते काय?" मी रुसले. मग तू मला शेजारी बसवून एक ओळ घालायला दिलीस. माझी ओळ वाकडी गेली. मी ती उसवायला लागले, तशी तू माझ्या हातावर चापट मारलीस. तुझ्याकडून मिळालेली तेवढी एकच. "उसवाचं नाही, छोरी. उसवलं का कापडाले भोकं राह्यते. चुकलं तं चुकलं, पुढं चाल."

दिवाळी झाली की तू पुसदकडच्या बंजारा तांड्यावरून एसटीने यायचीस आणि चार दिवस आमच्या मागच्या पडवीत राहून वर्षाच्या गोधड्या शिवून जायचीस. तू त्यांना वाकय म्हणायचीस. तांड्यातली पोरं आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तुला याडी म्हणायचे, आणि माझी आई हसून म्हणायची, हिला दोन आया आहेत. पण तुझा चहाचा कप वेगळा होता, कान तुटलेला, पडवीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला. शाळेत आम्हाला सगळी माणसं सारखी असं शिकवत होते आणि घरी मी तो कप रोज बघत होते. मी आईला एकदाही विचारलं नाही. तुझ्याआधी तांड्यात कुणी तुकडे जोडून गोधडी केली नव्हती. बाया साडीवर साडी ठेवून शिवायच्या. पुसदच्या बाजारातला एक शिंपी कातरण फेकत होता, ते तू पदरात घालून आणलंस आणि त्याचे त्रिकोण कापून जोडत बसलीस. सासू म्हणाली, हिला येड लागलं. दोन वर्षांनी तिच्याच बहिणी तुझ्याकडे शिकायला आल्या, हे तू मला किती तरी वेळा सांगितलंस आणि दर वेळी सासूचा आवाज काढून दाखवलास. मी एकदा विचारलं, तुमच्या शेतात एवढा कापूस, मग गोधडीत कापूस का नाही भरत? तू म्हणालीस, "कापूस लोकायचा. आपल्या चिंध्या."

मग ती वर्षं आली. कापसावर लाल्या पडायचा, बोंडं अळी पोखरायची, बियाणं दर वर्षी नवं आणि कापूस दर वर्षी कमी. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं आणि आम्ही यवतमाळातली माणसं ते पान उलटायला शिकलो होतो. आई गेली होती, मी नवऱ्यासह याच घरात राहायला आले होते. बाजारात चिनी ब्लँकेटं मिळू लागली, तुला बोलवणं बंद झालं. त्या वर्षी वेचणीलाच काही उरलं नव्हतं, म्हणून तांड्यातली निम्मी घरं ऊस तोडायला तिकडे पश्चिमेला निघाली. तू सहा वर्षांच्या नातीला सांभाळायला त्यांच्याबरोबर चालली होतीस. जाण्याआधी एक गाठोडं घेऊन माझ्या दारात आलीस. पोरगी पायरीवर बसली, मी तिला आमच्या झाडाचा पेरू दिला. तू गाठोडं सोडून दाखवलंस. हिरव्या, पिवळ्या, लाल त्रिकोणांची गोधडी, निम्मी झालेली, उरलेले कापलेले तुकडे आणि तुझ्या सुया. "एवढं सांभाळ बाई. होळीले येतो आन् पुरी करतो. हिच्या लग्नाची हाय."

होळीला तू आली नाहीस. पावसाळ्याच्या तोंडाशी भाजीवालीकडून कळलं की तू तिकडे उसाच्या फडावरच तापाने गेलीस. तांडा एसटीने दोन-अडीच तासांवर. मी गेले नाही. आधी म्हटलं, दुःखात कशाला जायचं. मग म्हटलं, आता इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचं. गाठोडं ट्रंकेत राहिलं, त्यावर आधी लेकीची पुस्तकं आली, मग यांची कागदपत्रं. वीस वर्षं होत आली. गेल्या वर्षी ट्रंक रिकामी करताना ते हाताला लागलं. मी सोडलं आणि तिथेच जमिनीवर बसून त्यातली सुई शोधायला लागले. खरं सांगते याडी, त्या क्षणी मला फक्त तू आठवलीस, पोरगी आठवली नाही. ती नंतर आठवली, आणि तोवर माझ्या चार ओळी शिवून झाल्या होत्या. पुढे पुण्यात लेकीला दिवस राहिले. आधी दोनदा ती रिकाम्या हाताने परतली आहे, म्हणून आम्ही कुणी मोठ्याने काही बोलत नाही. मी तिला पुऱ्या झालेल्या गोधडीचा फोटो पाठवला. "आई, ही तू शिवलीस?" असं तिने विचारलं आणि मी हो म्हणाले. बाळाला, म्हणाले.

गेल्या रविवारी दुपारी दारात स्कूटी थांबली. तिशीच्या आतली बाई, खांद्याला पर्स, घामाघूम. पांढरकवड्याकडे एका शाळेत शिकवते म्हणाली. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने पुढच्या खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "काकू, माझी आजी तुमच्याकडं वाकय शिवाले येत होती ना?" मी म्हणाले, येत असेल, बऱ्याच जणी यायच्या. तिची आई गेल्या वर्षी वारली. जाता जाता सांगून गेली की आजीने हिच्या लग्नासाठी वाकय शिवायला घेतली होती, ती यवतमाळच्या बाईकडे राहिली. लग्न तर होऊन गेलं. पण तेव्हापासून ती सुट्टीच्या दिवशी या भागातली घरं विचारत फिरते आहे. "मी पायरीवर बसून पेरू खाल्लता. तुम्हीच देलता काय?" आणि मी, याडी, मधल्या खोलीचा पडदा मुठीत धरून उभी होते, आत पलंगावर तुझी गोधडी पसरलेली होती, आणि मी म्हणाले, पेरूचं झाड बऱ्याच घरी असतं गं. मला काही आठवत नाही. ती उठली. एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, आठवलंच तर म्हणून. दारात चप्पल घालताना म्हणाली, "तिचा फोटोपण नाही ना काकू आमच्याजवळ. तिचा हात पाह्याचा होता."

ती गेल्यावर मी गोधडी उलगडली. तिने कधीही बघितली तरी ओळखेल. तुझे टाके तांदळाएवढे लांब, तिरपे, घाईतले. माझे मुंगीचे. मधोमध आपल्या दोघींचे हात समोरासमोर येऊन उभे आहेत. मी कात्री घेतली आणि तुझी एक ओळ उसवली. तिथे माझे टाके घातले की सगळी गोधडी माझी दिसेल, असं मनात होतं. वीतभर उसवून झाली आणि थांबले. पाणी शिंपडलं, नखाने घासलं, इस्त्री फिरवली. भोकं तशीच आहेत. या टाक्यांना माझ्या लेकीचा हात लागला असता, तर मी तो असा पुसून टाकला असता का?

तेव्हापासून गाडीचा आवाज आला की मी पडदा ओढते. गोधडी ट्रंकेत घालते, परत काढते. लेकीचा फोन आला की आधी तिचा आवाज कसा आहे ते ऐकते. तिला सातवा लागला आहे. दुसऱ्याची वस्तू मागून न घेता त्या बाळावर घालायची, आणि काही कमीजास्त झालं तर मी जन्मभर या भोकांकडेच बघणार. असल्या कशावर माझा विश्वास नाही, असं मी आजवर सांगत आले. शाळेत फादरपुढे पापांची कबुली द्यायला ख्रिस्ती मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि आम्ही बाकीच्या मैदानावर खेळायचो. त्या दोन मिनिटांत आत जाऊन बाहेर येत. मला वाटायचं, किती सोपं आहे.

काल वहीचा कागद फाडून मी लेकीसाठी लिहून ठेवलं. मी गेल्यावर गोधडी पांढरकवड्याच्या शिक्षिकेला द्यावी, नंबर मागे आहे. शिलाई मशीन समोरच्या वहिनींना. पैठणी आणि आईच्या पाटल्या लेकीला. घडी घालून गादीखाली ठेवलं आणि जरा बरं वाटलं. आज सकाळी परत वाचलं तेव्हा कळलं बरं का वाटलं ते. ती गोधडी न्यायला येईल तेव्हा मी इथे नसेन.

म्हणून तो कागद फाडला. तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र कुठेही जाणार नाही, तरी नवं वाटप तुझ्यासमोरच लिहिते. फोन अजून केलेला नाही. येत्या रविवारी तिला बोलवायचं. गोधडी तिला, उसवलेली बाजू वर करून. उरलेले तुकडे, तुझ्या सुया, ज्यात सगळं आलं ते गाठोड्याचं फडकंही तिला. लेकीला आईच्या आणि माझ्या साड्यांची नवी गोधडी, बाळ येईपर्यंत जेवढी होईल तेवढी, आणि ही सगळी हकीकत, पुण्याला जाऊन, समोर बसून. एक लाल तुकडा मात्र मी कपाटात वेगळा ठेवला आहे, तुझ्या जुन्या घागऱ्याचा. तो मी कुणाच्या नावावर लिहिलेला नाही.