पुतणीच्या अक्षता

मंगळवार, दिवेलागण. देवळाली प्रवरा.

उद्या दुपारी नगरला समोरच्या पक्षात माझा प्रवेश ठरतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही.

आपल्याच पक्षाने माझं तिकीट कापून कालपरवा आलेल्याला दिलं. परवाच्या सभेत खुर्ची मागच्या रांगेत. किती गिळायचं? हे म्हणतात, "जा सरळ. स्वाभिमान आहे की नाही?"

मघाशी जालिंदर आला. माझ्या पहिल्या निवडणुकीपासून गावात माझं काम हाच बघतो. याचा सख्खा भाऊ समोरच्या पक्षात, म्हणून याने त्याच्याशी बोलणं टाकलं. पुतणीच्या लग्नालाही गेला नाही. मांडव शेजारच्या दारात, आणि हा माझ्या प्रचाराच्या जीपमध्ये.

मला वाटलं चिडेल, अडवेल. शांतपणे म्हणाला, "तुमी जाल तिकडं मी हायेच, ताई. उद्या भावाशेजारी बसतो. पन त्या पोरीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता राहिल्या, त्या आता कुठं टाकू?"

चहा घे म्हटलं. न घेताच गेला.

मागची रांग अजून डाचतेच, खोटं कशाला बोलू? पण खुर्ची कधीतरी पुढे सरकते. लग्न काही परत लागत नाही. त्या अक्षता डोक्यातून जात नाहीत.

मी उद्या नगरला गेले नाही तरी त्या पडायच्या नाहीतच. पण मग निदान त्या कशापायी राहिल्या, हे त्याला स्वतःला तरी सांगता येईल.