‘मला येत नाही’ म्हणाले, त्याची भरपाई

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, देवाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा येथे संबंध नाही.

१. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये. विटा महाग आहेत.

२. शिवणयंत्र मुलीला. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ते ‘जरा वापरायला’ मागितल्यास नऊ वर्षांपूर्वी नेलेली माझी कात्री आधी परत घ्यावी.

३. कॉम्प्युटर धाकट्या सुनेला. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यात मुक्त सॉफ्टवेअर तिनेच घातले आणि मला शिकवले. म्हणाली, “आई, हे विरजणासारखं. शेजारी दिलं तरी आपलं कमी होत नाही.” सहा वर्षे घरखर्च मी त्यातच लिहिते.

४. आता कबुली. शाळेने हेच सॉफ्टवेअर घ्यावे म्हणून ती दोन वर्षे शिक्षकांना विनवत होती. शेवटी त्यांच्या सभेला मला घेऊन गेली. म्हणाली, “आमच्या आई मॅट्रिक. त्यांना जमतं, तर तुम्हाला का नाही जमणार?” शिक्षक हसले. मला वाटले, मलाच हसले. तिने माउस पुढे केला, तेव्हा मी हात मागे घेऊन म्हणाले, “मला कुठलं येतंय! हीच करून देते सगळं.”

मुख्याध्यापक म्हणाले, “घ्या! घरचाच साक्षीदार फितूर!” विषय तिथेच मिटला.

परतताना ती एवढेच म्हणाली, “आई, भाजी घ्यायची का?” पुढे शाळेत तिने तो विषय काढला नाही, आणि घरात मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. रोज जपाला बसते आणि त्या वाक्यापाशी माळ अडते. खोटे बोलले, तेही लेकीसारख्या पोरीच्या पोटावर नव्हे, तर उमेदीवर पाय देऊन.

५. माझ्यामागे खर्चिक काही करू नये. त्याऐवजी हे मृत्युपत्र मोठ्या मुलाने त्याच शिक्षकांपुढे मोठ्याने वाचावे. सुनेला वाचायला देऊ नये. ती कलम चार गाळेल.

सही केली.
स्थळ : स्वयंपाकघरालगतची खोली. दिनांक : ९ जानेवारी.

साक्षीदार : शेजारचे निवृत्त पोस्टमन आणि औषधांच्या दुकानातल्या बाई. आम्ही लिहून देतो की वरील मजकूर यांनी आमच्यादेखत, त्याच सॉफ्टवेअरमध्ये, एकटीने टाइप केला. आम्ही मदतीला हात पुढे केला, तर म्हणाल्या, “राहू द्या. मला येतं.”