एकविसाव्या गाडीतली अंगठी

दीक्षितपुरा, जबलपूर
१४ सप्टेंबर १९६५

चि. रत्नाकर यास गुणवंतचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? लष्करात भाजीला तिखट नसतं असं तू लिहिलं होतंस, तेव्हापासून तुझी बहीण ठेचा पाठवायच्या तयारीत आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे कुंदा आणि मुलं क्षेम आहेत; माझं विचारशील तर तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. (मध्ये कोणी साहेब पत्र फोडून वाचत असतील तर त्यांनाही सादर नमस्कार. मजकूर कौटुंबिक आहे.)

कारखान्यातून लष्कराच्या एक टनी गाड्या बाहेर पडण्याआधी त्यांच्या डिफरन्शियलचं तेल तपासायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊकच आहे. मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो (कुंदा त्याला गाडीचं पोट म्हणते), त्याचं बूच काढायचं, भोकात बोट घालायचं, तेल काठाशी लागलं तर ठीक, नाहीतर पिचकारीने भरायचं, आणि कार्डावर सही ठोकायची. लढाई सुरू झाल्यापासून रोज एकवीस गाड्या. त्या तेलाला नासक्या अंड्यांचा असा वास येतो की मी वरणभातसुद्धा चमच्याने खातो, आणि आई मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वाढते.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि पाहतो तर बोटात अंगठी नाही. तुझ्या बाबांनी दिवाळसणाला घातलेली, पोवळ्याची. ती मला पहिल्यापासून सैल (बाबांनी सोनाराला माप स्वतःच्या बोटाचं दिलं होतं, हे मी आजवर कोणाला बोललो नाही). म्हणजे ती कोणत्यातरी गाडीच्या पोटात गेली. आत दाते फिरत असतात. त्यांत ती अडकली तर गाडी ऐन रस्त्यात बसेल, आणि गाडीत आपले जवान.

दुपारी आवारातल्या वीसच्या वीस गाड्या पुन्हा उघडल्या. आत लोहचुंबक सोडला, पण सोनं त्याला कशाला दाद देतंय. रविवारी घरून जाळी नेली, खालची बुचं काढून सगळं तेल घमेल्यात उतरवलं, गाळलं, परत भरलं. (जाळी पुरणयंत्राची होती. कुंदा दोन दिवस ती शोधते आहे.) आमचे फोरमन भय्यासाहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काहून रे गुणवंता, भरलेलं तेल पुन्हा काढून राहिला?" मी म्हटलं, लोखंडाचा कीस निघतो का बघतो. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "देखो भैया, इसको कहते हैं ड्यूटी." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीस गाड्यांत अंगठी नाही. म्हणजे ती एकविसावीत. ती गाडी शनिवारीच, मी डबा खात होतो तेव्हा, रेल्वेवर चढली. तिच्या दाराला आतून खडूने २१ लिहिलेलं आहे. आमच्या गाड्या तुमच्याच वर्कशॉपात उतरतात असं तू म्हणाला होतास, तेव्हा एवढी एक उघडून बघ. बाबांना कळवू नकोस.

तुझा,
गुणवंत

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी कुंदाने पत्र वाचलं. अंगठी तिने गेल्या बुधवारीच संरक्षण निधीला दिली, गल्लीतल्या बायकांबरोबर जाऊन. मी आंघोळीच्या वेळी फडताळात काढून ठेवतो, तिथूनच उचलली. म्हणे, "तुम्हाला केव्हा समजते ते पाहून राहिली होती." म्हणजे तीन दिवस मी मोकळं बोट घेऊन हिंडत होतो. जाळीबद्दल ती वेगळं बोलणार आहे.

आणखी एक. अंगठी नाही म्हटल्यावर तू गाडी उघडणार नाहीस, म्हणून आता खरं लिहितो. एकविसावीत ती असणं शक्यच नव्हतं, कारण त्या गाडीत मी बोट घातलंच नाही. भोंगा झाला, भूक लागली होती, वीस ठीक निघाल्या होत्या. मी सही केली. तिच्यात तेल आहे की नाही, मला माहीत नाही. भय्यासाहेबांना सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते माझं कौतुक करू लागले. ती गाडी कोणाला चालवू देऊ नकोस, आधी बोट घाल. (वाचणाऱ्या साहेबांना हात जोडून विनंती, हे पत्र अडकवून ठेवू नका.) तेल लागलं तर मला एक ओळ लिही. कोरडं लागलं तर मला लिहू नकोस, भय्यासाहेबांना लिही. माझं नाव घालून लिही.