पडलेली कुस्ती उंबऱ्याच्या आत

आप्पा, तुमची नात परवा कोल्हापुरात हरली, आणि ती हरून घरी आल्यावर आम्हाला इतकं बरं वाटलं की मी तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही असता तर मिशीवर हात ठेवून नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते बघणं अजून चांगलं लक्षात आहे.

पोरगी कुस्ती नाही, ज्युदो खेळते. अंगात जाड पांढरा सदरा, कमरेला पट्टा, आणि समोरचीची कॉलर धरून तिला गादीवर फेकायचं. इथे बेळगावात, शहापूर भागात आमच्या गल्लीजवळच त्यांचा हॉल आहे. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यांनी तिला फक्त पडायला शिकवलं. पाठीवर पडायचं, कुशीवर पडायचं, पडताना गादीवर हात आपटायचा म्हणजे लागत नाही. मी दारात उभा राहून बघायचो आणि मला तुमची निपाणीची तालीम आठवायची. तिथे पडायचं शिक्षण नव्हतं. तुम्ही वस्ताद होता, आणि वस्तादाच्या पोरानं पडायचंच नाही असं सगळ्या पेठेनं ठरवून टाकलं होतं.

मी पडलो तो दिवस अजून तसाच डोळ्यांसमोर आहे. जत्रेचं मैदान संपवून मी घरी येतो, कानात गेलेली तांबडी माती अजून निघालेली नाही. तुम्ही पायरीवर तांब्या घेऊन उभे आहात. माझ्या पायांवर पाणी ओतता आणि म्हणता, "पडलेली कुस्ती उंबऱ्याच्या आत आणायची न्हाय. हितंच धुवून टाक, आन् जेवाय ये." तालमीतल्या सगळ्या पोरांना तुमचा हाच नियम होता, त्यामुळे मला तो नवा नव्हता. आत आईनं गरम भाकरी वाढली, तुम्ही माझ्या ताटात तूप जरा जास्तच ओतलंत, आणि त्या कुस्तीचं नाव तुम्ही पुन्हा कधी काढलं नाहीत. मी मात्र तुम्हाला माझी लाज वाटली असं धरून चाललो. नंतर मी लंगोट बांधला नाही, आणि का बांधत नाही हेही तुम्ही विचारलं नाहीत.

तो तांब्या बेळगावात आमच्याबरोबर आला. पोरगी हरून आली की आई दारात उभी राहायची, पायांवर पाणी घालायची, आणि आम्ही सगळे जेवताना भाजीच्या मिठाबद्दल बोलायचो. पोरगी गप्प व्हायला लागली. सरावात सगळ्यांना फेकणारी ही स्पर्धेत नुसती उभी राहायची, हात पुढे यायचेच नाहीत. स्पर्धेला कोल्हापूरकडे जाताना कोगनोळीचा टोलनाका दिसला की गाडी बाजूला घ्यावी लागायची, आणि ही खाली उतरून ओकायची. झोप उडाली, जेवण तुटलं. एके दिवशी तिनं पट्ट्याची घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, मला आता जमंना झालंय." आप्पा, मी हादरलो. ज्युदो सुटला असता तर सुटला असता, पण आमचं हसरं पोर कुठेतरी हरवत चाललं होतं.

तिच्या सरांनी आम्हाला एका बाईंकडे पाठवलं. खेळाडूंच्या मनाचं बघणं हेच त्यांचं काम. "पोरीला याड लागलंय व्हय रं?" म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाई धारवाडकडच्या, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणाऱ्या. भीती घालवायची असं त्या म्हणाल्याच नाहीत. भीती येणारच, तिच्यासकट गादीवर कसं जायचं ते त्यांनी शिकवलं. श्वास सावकाश सोडायचा, पट्टा स्वतःच्या हातानं घट्ट करायचा, आणि जिंकणं-हरणं सोडून पहिल्या पकडीचाच विचार करायचा. मग त्यांनी सहज विचारलं, हरून घरी गेलीस की काय होतं? पोरीनं तांब्याचं सांगितलं. बाई हसल्या. "पाणी घालता ते चांगलंच की ओ. पण कुणी बोलतच नाही म्हटल्यावर ती हार जाते कुठं? हिच्या पोटातच राहते की." घरी जेवताना प्रत्येकानं आपल्या भीतीचं काहीतरी सांगायचं, एवढाच त्यांनी अभ्यास दिला.

त्या दिवशी जेवताना मी घसा खाकरत बसलो, आणि बोलली ती आई. "तुझा आज्जा काय कमी भ्यायचा व्हय गं? मैदानाला निघायच्या आदी गोठ्यामागं जाऊन ओकून यायचा. मी पानी घिऊन जायाची. कुनाला सांगू नगंस म्हनायचा."

"आज्जा पन?" पोरीनं घास खाली ठेवला आणि मोठ्यानं हसली. घरात ते हसणं किती दिवसांनी ऐकलं! मला तर तुमचा रागही आला आणि तुम्हाला मिठी मारावीशीही वाटली. तांब्या घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला माझी लाज वाटली नव्हती, हे मला इतक्या उशिरा कळलं.

परवा कोगनोळीला गाडी थांबवावी लागली, पण चहासाठी. पोरगी शेवटच्या लढतीपर्यंत गेली, हात पुढे करून खेळली, आणि पाठीवर पडली. परतताना सगळ्या वाटेत तिची टकळी सुरू होती. आई दारात तांब्या घेऊन उभी. "आदी पाय धू गं." "थांब की आज्जी, ऐक तर!" म्हणत ती तशीच आत आली, पुढच्या सोप्यात गादी अंथरली, माझी कॉलर धरली आणि समोरचीनं तिला कसं फेकलं ते दाखवायला मला फेकलं. मी हात आपटायला विसरलो. कंबर अजून दुखते आहे. आई दारातच हसत होती, आणि तांब्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटात पट्ट्याची जागा आता रिकामी आहे तिथे ठेवीन. तुमच्या नातीला मी त्या दिवशी आईच्या मागोमाग ताटावरच सांगितलं, तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं. जत्रेत समोरचा माझ्यापेक्षा ताकदीचा नव्हता, आप्पा. मी भ्यालो होतो.