शून्य धुराचा फॉर्म

१२ मार्च २०११
तालुक्याला, गोरेगावच्या ट्रेनिंगहून परत. हवामानबदल थांबवायचा तर सुरुवात आपल्या चुलीपासून, असे संस्थेच्या मॅडम म्हणाल्या. कोण करणार, विचारताच सगळ्यांत आधी मी हात वर केला. मग घाबरले. संस्था निर्धूर चूल देणार. रोज फॉर्ममध्ये ‘धुराचे तास’ भरायचे. जूनमध्ये तपासणी.

१५ मार्च
चूल बसली. धूर पाइपातून थेट बाहेर. आई म्हणाली, “डोये चुरचुरून नाई राहिले.” शून्य लिहिले. अक्षर छान आले.

१६ मार्च
चुलीच्या वर टांगलेली काळीकुट्ट पोटली उतरवली. आत आईचा वाल. अर्जुनी मोरगावच्या माहेराहून लग्नात आणलेले बी. पाऊस कमी पडला तरी वेलाला शेंगा लागतातच. बाबा म्हणाले, “तिले कायले हात लावते?” मी काजळीचे दुष्परिणाम सांगितले. आईने पोटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “तू शिकलेली हायेस. बी तुह्या हवाली.”
बी बिस्किटाच्या डब्यात ठेवले. आईने राख आणली होती मिसळायला. स्वच्छतेसाठी नको म्हटले. लेबल: ‘वाल. उघडू नये.’

२ एप्रिल
शेजारच्या मंदाबाईंना निर्धूर चुलीचे महत्त्व समजावले. “माह्या घरी धूर पायजे,” म्हणाल्या. का, ते विचारले नाही. वहीत नोंद: प्रबोधनाची गरज.

२० एप्रिल
दुसरे ट्रेनिंग. पाऊस बेभरवशाचा झालाय, तग धरणारी जुनी बियाणी जपा, असे मॅडम म्हणाल्या. मी उभी राहून सांगितले, आमच्याकडे सुरक्षित आहे. टाळ्या.

९ मे
आई: “डब्बा उघडून पाह्यला का वो?” मी लेबल दाखवले. ती गेल्यावर डब्याला कान लावला. बारीक कुरकुर. उन्हाने पत्रा तापतो, त्याचा आवाज.

२८ मे
झाकणाच्या कडेला पिठासारखी पूड. गंज असावा. गंज पांढरा नसतो, पण जुन्या डब्यांचे सांगता येत नाही. टेप लावली.

८ जून
पेरणीसाठी डबा उघडला. आधी किडे बाहेर आले. आईने सगळे सुपात ओतले, एकेक दाणा बोटाने फिरवून पाहिला. प्रत्येकाला भोक.  बाबा म्हणाले, “धुरानं बी टिकते, येवढं कालेजात नाई सांगत का?”
सांगितले नव्हते.

९ जून
आई मला घेऊन सकाळीच मंदाबाईंकडे गेली. कधीकाळी आईनेच त्यांना मूठभर वाल दिला होता. तो त्यांच्या चुलीवर टांगलेला, काळा, अख्खा. त्यांनी अर्धी पोटली दिली आणि मला म्हणाल्या, “लिहून घे वो बाई, वहीत.”
त्यातले अर्धेच पेरायचे, आई म्हणाली. पावसाने दगा दिला तर अर्धे हाताशी राहील. हे ट्रेनिंगमध्ये आले असते तर बरे झाले असते.

१२ जून
उद्या तपासणी. स्वयंपाक नव्या चुलीवरच होतो. डोळ्यांसाठी आईला ती आवडते. पण कोपऱ्यात तिने तीन दगड मांडले, वर पोटली टांगली, ओल्या काड्या माझ्यापुढे टाकल्या आणि म्हणाली, “फुंक.”
सबंध दुपार फुंकले. माझे डोळे लाल, पोटली अजून पुरेशी काळी नाही.
फॉर्म भरला. इतकी खरी शून्ये लिहिल्यावर खोटे लिहवेना.
धुराचे तास: चार. धूर कोणी केला: मी.